खरी श्रद्धा, खरी अश्रद्धा

धर्मश्रद्धेविषयी बोलताना माणसांची दोन गटांत वाटणी करण्याची एक सोपी रीत सर्वत्र रूढ आहे. ईश्वर आहे असे म्हणणारा तो श्रद्धावान आणि नाही म्हणणारा तो अश्रद्ध. या वाटणीत श्रद्धा म्हणजे एखाद्या विधानाला दिलेला होकार ठरतो व अश्रद्धा म्हणजे त्याच विधानाला दिलेला नकार. खानेसुमारीच्या तक्त्याला एवढा हिशेब पुरतो. परंतु ख्रिस्ती धर्मग्रंथ, म्हणजे जुना व नवा करार मिळून झालेले बायबल, ज्या माणसांच्या कथा सांगतो, त्या माणसांना ही मोजपट्टी लावू गेल्यास सारा हिशेब विस्कटतो. तेथे देवाशी वाद घालणारा अब्राहाम देवाचा मित्र म्हणविला जातो आणि धर्माज्ञेचा आधार घेऊन बोलणारा एक राजा अश्रद्ध ठरतो. देवळाशी जन्माने नाते नसलेला परकीय सैनिक श्रद्धेचा नमुना म्हणून दाखविला जातो आणि सभास्थानात नियमाने येणारे स्वतःच्या गावचे लोक अश्रद्धेचा. श्रद्धा व अश्रद्धा यांमधील सीमारेषा या ग्रंथाने नेमकी कोठे ओढली आहे, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

प्रथम शब्दांकडे वळावे. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिला गेला. त्या भाषेत श्रद्धेशी संबंधित जे शब्द येतात, त्यांच्या मुळाशी ‘आमन’ हा धातू आहे. दृढ असणे, टिकून राहणे, ज्यावर भार टाकता येईल असे असणे, हा त्याचा अर्थ. या धातूपासून झालेले ‘एमूना’ हे नाम निर्गम नावाच्या पुस्तकात एका लढाईच्या प्रसंगी आले आहे. इस्राएली लोक रानात असताना अमालेकी टोळ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. मोशे टेकडीच्या माथ्यावर हात उंच करून उभा होता. त्याचे हात वर असेतोपर्यंत इस्राएलाची सरशी होई. ते खाली आले की शत्रूची. वृद्ध मोशेचे हात जड झाले, तेव्हा त्याच्या बरोबरच्यांनी त्याला बसावयास धोंडा दिला, आणि अहरोन व हूर या दोघांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात सावरून धरले. सूर्यास्तापर्यंत ते हात स्थिर राहिले, असे कथा सांगते. आणि त्या स्थिरतेला मूळ ग्रंथाने ‘एमूना’ हाच शब्द योजला आहे. पुढे ज्या शब्दाभोवती ख्रिस्ती धर्मशास्त्राचा डोलारा उभा राहिला, तो शब्द येथे थकलेल्या हातांविषयी आलेला आहे, आणि ते हातही दुसऱ्यांनी सावरून धरलेले आहेत. प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा ‘आमेन’ याच धातूतून निघाला.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, आणि तेथे ‘पिस्तिस’ हा शब्द आहे. विश्वास, विश्वासूपणा, दिलेल्या शब्दाची खात्री, असे अनेक अर्थ त्यात एकवटले आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाची तऱ्हा तर अधिकच लक्षणीय आहे. त्यात ‘विश्वास’ हे नाम एकदाही येत नाही. ‘विश्वास ठेवणे’ हे क्रियापद मात्र जवळजवळ शंभर वेळा येते. लेखकाच्या दृष्टीने ती जवळ बाळगण्याची वस्तू नसून करावयाची क्रिया आहे, हे यावरून उघड होते.

मराठी वाचकाला हा अर्थ परका वाटू नये. मराठीने या कल्पनेसाठी जे शब्द घेतले, त्यांच्या पोटातही अशीच क्रिया दडलेली आहे. ‘श्रद्धा’ या शब्दातील ‘श्रत्’ म्हणजे हृदय आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिन भाषेतील ख्रिस्ती मतांगीकाराचा आरंभ ज्या ‘क्रेडो’ शब्दाने होतो, तोही याच मुळाचा. ‘विश्वास’ हा शब्द ‘श्वस्’ धातूपासून आला. ज्याच्या सान्निध्यात मोकळा श्वास घेता येतो, त्याच्यावर विश्वास असतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यात राहिलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले, आणि विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूर येथे झालेला नव्या कराराचा मराठी अनुवाद १८११ साली छापून निघाला. तेव्हापासून ख्रिस्ती श्रद्धेचा विचार मराठीतून होत आला आहे. आणि हृदय ठेवणे व श्वास मोकळा होणे हे अर्थ त्याला या भाषेकडून आयतेच मिळाले आहेत.

आता अश्रद्धेचे रूप पाहावे. पुरावा अपुरा पडल्यामुळे अश्रद्धा उत्पन्न होते, असे सामान्यतः समजले जाते. गणना या पुस्तकातील बारा हेरांची कथा या समजुतीला धक्का देते. मोशेने कनान देश पाहून येण्यासाठी बारा वंशांतले बारा पुरुष पाठविले. चाळीस दिवसांनी ते परतले. त्यांनी आणलेला द्राक्षांचा घड एवढा मोठा होता की तो दांडीवर घालून दोघांना वाहावा लागला. देश सुपीक आहे, शहरे तटबंदीची आहेत, लोक धिप्पाड आहेत, या वृत्तान्ताविषयी बाराही जणांत मतभेद नव्हता. मतभेद झाला तो पुढे काय करावे याविषयी. कालेब व यहोशवा या दोघांनी पाऊल पुढे टाकावे असे सांगितले. उरलेल्या दहांना त्या धिप्पाड माणसांपुढे आपण टोळांएवढे आहोत असे वाटले. लोकांनी दहांचे ऐकले, आणि चाळीस दिवसांच्या जागी चाळीस वर्षे रानात काढली. हे लोक नास्तिक नव्हते. समुद्र दुभंगताना त्यांनी पाहिला होता, आणि रोज सकाळी ते मान्ना गोळा करून खात होते. तरीही नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेले पत्र अश्रद्धेचे उदाहरण म्हणून याच पिढीकडे बोट दाखविते, आणि तिचे कारण मनाचा कठोरपणा असे देते. देव आहे एवढे त्यांना ठाऊक होते; त्याच्यावर भार टाकून चालावयास ते तयार नव्हते.

याहून सूक्ष्म उदाहरण यहूदाचा राजा आहाज याचे आहे. इ. स. पूर्व ७३५ च्या सुमारास उत्तरेकडील दोन राजांनी एकत्र येऊन यरुशलेमेवर चाल केली. संदेष्टा यशया राजाला शहराबाहेरील तळ्याच्या पाटाजवळ भेटला. तेथे त्याने राजाला जे सांगितले, त्यात ‘आमन’ धातूवर एक मार्मिक श्लेष आहे. ज्या धातूचा एक अर्थ विश्वास ठेवणे, त्याच धातूचा दुसरा अर्थ टिकून राहणे; म्हणून पहिले न केल्यास दुसरेही घडणार नाही, असा त्याचा आशय. राजाने हवे ते चिन्ह मागून घ्यावे, असेही त्याला सुचविण्यात आले. आहाजाने ते नाकारले, आणि नाकारताना अत्यंत धार्मिक कारण दिले. देवाची परीक्षा पाहू नये अशी मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा आहे. तिचाच त्याने आधार घेतला. परंतु राजांच्या इतिहासात या राजाविषयी आणखी एक नोंद आहे. याच संकटात त्याने मंदिरातील सोनेरुपे काढून अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसर राजाकडे पाठविले आणि त्याचे मांडलिकत्व पत्करले. मनाने त्याचा टेकू ठरलेला होता. धर्मवचन त्याला हवे होते ते तो निर्णय झाकण्यापुरते.

नेमके हेच वचन नव्या करारात पुन्हा येते. येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतान खाली उडी टाकण्यास सुचवितो. देवदूत झेलतील असे स्तोत्राचे वचनही त्याला ऐकवितो. येशू उत्तर देतो ते देवाची परीक्षा न पाहण्याच्या त्याच आज्ञेने. वचन एक, ते उच्चारणारी मुखे दोन. आहाजाने त्याचा उपयोग भरवसा टाळण्यासाठी केला. येशूने भरवसा राखण्यासाठी. ज्याचा आधार पक्का आहे, त्याला तो पक्का आहे की नाही हे पाहण्यासाठी शिखरावरून उडी टाकावी लागत नाही. चमत्काराची सक्ती करणारी भाविकता आणि श्रद्धा यांमध्ये या ग्रंथाने असा स्पष्ट भेद केला आहे. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट येथे कळून येते. ओठांवरील शब्द, मग ते प्रत्यक्ष शास्त्रवचन का असेना, श्रद्धेचे प्रमाण होऊ शकत नाहीत.

मग प्रश्न विचारणे, शंका घेणे, तक्रार करणे यांची गणना कोठे करावयाची? अब्राहाम हा श्रद्धावंतांचा पिता मानला जातो. तथापि म्हातारपणी पुत्र होईल हे वचन ऐकून तो हसला, आणि त्याची पत्नी सारा हीही हसली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात नमूद आहे. पुत्र झाला तेव्हा त्याचे नाव इसहाक ठेवण्यात आले. त्या नावाचा अर्थच ‘तो हसतो’ असा आहे. आईबापांचे अविश्वासाचे हसू कथेने पुसून टाकले नाही. ते पुत्राच्या नावात जपून ठेवले. ईयोबाचे पुस्तक तर याहून धीट आहे. सर्वस्व गमावलेला ईयोब राखेत बसून देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेतात. देव न्यायी आहे, दुःख हे पापाचे फळ आहे, तेव्हा पश्चात्ताप कर, असा उपदेश करतात. बेचाळीस अध्यायांच्या या पुस्तकाच्या शेवटी देव निवाडा देतो तो मित्रांच्या विरुद्ध. आपल्याविषयी ईयोब जसे योग्य बोलला तसे हे बोलले नाहीत, असे तो सांगतो. मित्र देवाविषयी बोलत होते. ईयोब देवाशी बोलत होता. त्याची तक्रार कडवट होती, पण ज्याच्याकडे करावयाची त्याच्याकडेच ती केलेली होती. ज्या मराठी मनाने नामदेवाचे व तुकारामाचे विठ्ठलाशी झालेले भांडण भक्तीतच जमा धरले, त्याला ईयोबाचा हा निवाडा समजावयास अवघड जाऊ नये.

शुभवर्तमानांत हाच विचार व्यक्तींच्या रूपाने पुढे येतो. येशूला आश्चर्य वाटले असे शुभवर्तमाने दोनच प्रसंगी सांगतात, आणि दोन्ही प्रसंग प्रस्तुत विषयाचेच आहेत. पहिला कफर्णहूम येथील शताधिपतीचा. हा लष्करी अधिकारी यहुदी नव्हता. त्याचा चाकर आजारी होता. आणि येशूने घरी येण्याचेही कारण नाही, शब्द टाकला तरी पुरे, असे त्याने कळविले. आज्ञा दिली की ती पाळली जाते, हा त्याचा रोजचा अनुभव. त्या अनुभवाच्या भाषेत त्याला जेवढे समजले तेवढे तो बोलला. एवढी श्रद्धा इस्राएलातही आढळली नाही, असे येशूने आश्चर्याने म्हटले. दुसरा प्रसंग नासरेथ या त्याच्या स्वतःच्या गावचा. गावकऱ्यांनी त्याला लहानपणापासून पाहिले होते. हा तर सुतार, याची आई ठाऊक, भाऊ ठाऊक, बहिणी येथेच नांदतात, असे ते म्हणाले. त्यांची माहिती खोटी नव्हती. परंतु आपल्याला सारे ठाऊक आहे या समाधानाने नवीन काही ऐकण्याची वाटच बंद झाली होती. तेथे थोड्या आजाऱ्यांना बरे करण्यापलीकडे त्याला काही करता आले नाही, असे मार्क स्पष्टपणे लिहितो. त्याच प्रसंगी मत्तयाने ‘करता आले नाही’ याऐवजी ‘केले नाही’ अशी सौम्य शब्दरचना केली आहे. मार्काचा शब्द कठोर असला तरी त्यात एक सत्य आहे. मिटलेल्या मुठीत कोणी काही ठेवू शकत नाही.

या दोन टोकांमध्ये जी बहुसंख्य माणसे उभी असतात, त्यांची कथा मार्काच्या नवव्या अध्यायात आहे. येशू डोंगरावर तेजोमय रूपात तीन शिष्यांना दिसला, त्यानंतरचा हा प्रसंग. डोंगराखाली उरलेल्या शिष्यांभोवती गर्दी जमली होती आणि शास्त्र्यांशी वाद पेटला होता. वादाच्या मधोमध एक बाप आपल्या मुलाला घेऊन उभा होता. मुलाला बाळपणापासून झटके येत. तो जमिनीवर पडे, तोंडाला फेस येई. कधी तो विस्तवात पडे, कधी पाण्यात. शिष्यांना तो बरा करता आला नव्हता. चित्रकार राफाएल याने १५२० साली मृत्यू येण्यापूर्वी जे अखेरचे मोठे चित्र रंगविले, त्यात हे दोन्ही प्रसंग एकाच फलकावर आहेत. वर तेज, खाली ते मूल. आणि त्या मुलाकडे हात दाखविणारी, गोंधळलेली माणसे.

तो बाप येशूला म्हणतो ते ‘जमल्यास’ या अटीवर. काही करता येत असेल तर दया करावी, अशी त्याची विनंती. या ‘जमल्यास’ शब्दामागे किती वैद्य, किती मांत्रिक आणि किती रात्रींची जागरणे असतील, याची कल्पना ज्याने घरात दीर्घ आजार पाहिला आहे त्याला सहज करता येईल. येशू त्याचा तो शब्द उचलतो, आणि विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे असे सांगतो. तेव्हा बाप एकाच दमात दोन गोष्टी ओरडून बोलतो. आपण विश्वास ठेवतो, असे तो कबूल करतो. आणि आपल्यात जो अविश्वास आहे त्याबाबतीत साहाय्य करावे, अशी याचना करतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देतात. तथापि मुलाला बरे करण्यासाठी येशूला याहून अधिक काही लागले नाही. आधी शंका निवारून ये, असे त्याने बापाला सांगितले नाही. मूल त्याच ठिकाणी बरे झाले.

या कथेचे मर्म बापाच्या दुसऱ्या वाक्यात आहे. अविश्वास तर जमलेल्या सर्वांतच होता. शास्त्री वाद घालीत होते, शिष्य आपल्या अपयशाने खजील झाले होते, लोक तमाशा पाहत होते. स्वतःचा अविश्वास उचलून येशूपुढे नेला तो एकट्या त्या बापाने. त्याने तो लपविला नाही, त्याला आहाजाप्रमाणे शास्त्राचे वस्त्र चढविले नाही आणि त्याचा अभिमानही मिरविला नाही. मूल जसे आणले, तसा आपला अविश्वासही त्याने बरा होण्यासाठी आणला. ख्रिस्ती धर्मग्रंथाला अभिप्रेत असलेली खरी श्रद्धा कोणती, या प्रश्नाचे सर्वांत प्रांजळ उत्तर बहुधा या अनामिक बापाच्या मुखात आहे.

भारतात ज्याचे नाव विशेष आदराने घेतले जाते तो प्रेषित थोमा याच्याविषयीही असाच एक गैरसमज रूढ आहे. ‘संशयी थोमा’ ही त्याची ख्याती. योहान मात्र त्याचे आणखी एक चित्र देतो. यहूदियात परत जाणे म्हणजे दगडांचा मार ओढवून घेणे होते, तेव्हा आपणही त्याच्याबरोबर मरावयास जाऊ, असे इतर शिष्यांना सुचविणारा हाच थोमा होता. पुनरुत्थानाची वार्ता त्याने ऐकीव म्हणून नाकारली आणि जखमा पाहण्याची अट घातली. परंतु त्यानंतरचा आठवडा तो त्याच मंडळींत राहिला. आठव्या दिवशी येशूने स्वतः पुढे होऊन जखमा दाखविल्या. काराव्हाज्जो या चित्रकाराने थोमाचे बोट जखमेत घातलेले रंगविले आहे. योहानाच्या लेखनात त्याने स्पर्श केल्याचा उल्लेख नाही. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असे येशूने त्याला सांगितले. त्यावरून हे शुभवर्तमान संशयाचा गौरव करीत नाही हे दिसते. पण संशयासाठी त्याने थोमाला दूरही लोटलेले नाही. हाच थोमा इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि पुढे मैलापूर येथे त्याला हौतात्म्य आले, अशी तेथील ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे. देशातील सर्वांत जुन्या ख्रिस्ती समाजाने आपला मूळपुरुष म्हणून याच शिष्याचे नाव जपले आहे.

श्रद्धा ही हृदयाची क्रिया म्हटली की ती आचरणापासून वेगळी काढण्याचा मोह होतो. याविषयी नव्या करारातच दोन स्वर ऐकू येतात. मनुष्य श्रद्धेने नीतिमान ठरतो, नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रतिपादले. कर्मावाचून श्रद्धा निर्जीव आहे, असे याकोबाच्या पत्रात म्हटले आहे. विशेष हे की दोघेही साक्षीला अब्राहामालाच बोलावितात. या भेदावरून पुढे मोठा कलह झाला. मार्टिन ल्यूथर याने १५२२ साली याकोबाच्या पत्राला गवताची उपमा दिली. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४५ ते १५६३ या काळात ल्यूथरच्या मताविरुद्ध निर्णय दिले. या प्रश्नाच्या मूलभूत तत्त्वांवर दोन्ही पक्षांचे एकमत झाल्याचे निवेदन ऑग्सबुर्ग येथे स्वाक्षरित व्हावयास १९९९ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. वस्तुतः पौल व याकोब यांचे श्रोते निराळे होते. पौलापुढे होती ती धर्मविधींच्या पुंजीवर देवाला ऋणी करू पाहणारी वृत्ती. याकोबापुढे होता तो उघड्या व उपाशी बांधवाला ऊब घे, पोटभर जेव, असे तोंडाने सांगून रिकाम्या हाताने परत पाठविणारा भाविक. देव एक आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब त्याला सुनावतो. ‘आहे’ या होकारालाच श्रद्धा म्हणावयाचे झाल्यास ती भुतांतही आढळेल, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे. पौलालाही हे अमान्य नव्हते. प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या श्रद्धेलाच मोल आहे, असे त्याने गलतीकरांस लिहिले आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाचे चित्र या विचाराला आणखी एक पाऊल पुढे नेते. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि बंदिवानाची भेट, एवढ्याच गोष्टी तेथे विचारल्या जातात. ज्यांनी हे केले त्यांनाही, आणि ज्यांनी केले नाही त्यांनाही, निकाल ऐकून आश्चर्यच वाटते. आपण राजाची सेवा केल्याचे पहिल्यांना ठाऊक नव्हते. आपण त्याला डावलल्याचे दुसऱ्यांना ठाऊक नव्हते. श्रद्धा आपल्यापाशी आहे की नाही, याचा निवाडा मनुष्याला स्वतःपुरताही खात्रीने देता येत नाही, मग दुसऱ्याविषयी तो काय देणार, असा इशारा या चित्रात आहे. मात्र त्यावरून ईश्वरावरील विश्वास अनावश्यक आहे असा अर्थ काढणे ग्रंथाला धरून होणार नाही. जो देवाजवळ येतो त्याने तो आहे असे मानले पाहिजे, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र निःसंदिग्धपणे सांगते. तो होकार म्हणजे उंबरठा. घर त्याच्या आत आहे.

या सगळ्या विवेचनाची कसोटी पाहणारी एक घटना विसाव्या शतकात भारतात घडली. कोलकात्याच्या मदर तेरेसा १९९७ साली निवर्तल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झाली. ती नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. संस्थेच्या स्थापनेच्या सुमारास, म्हणजे १९५० च्या आसपास, जो अंधार त्यांच्या मनात उतरला, तो एक अल्प काळ सोडल्यास अखेरपर्यंत टिकला, असे या पत्रांवरून दिसून आले. प्रार्थनेत ईश्वराचे सान्निध्य त्यांना जाणवत नव्हते. देव नाही असाच अनुभव येत होता. पत्रे वाचून काहींनी त्यांच्या धार्मिकतेला केवळ देखावा म्हटले. काहींना त्यात थोर संतांच्या ‘अंधाऱ्या रात्री’चा प्रत्यय आला. होकार आणि अनुभूती यांनाच श्रद्धा मानले, तर पहिल्या पक्षाला उत्तर देणे कठीण आहे. परंतु ‘एमूना’चा मूळ अर्थ लक्षात घेतला म्हणजे प्रश्नाचे रूप पालटते. ही स्त्री सुमारे अर्धशतक रोज पहाटे प्रार्थनेला बसत होती आणि रस्त्यावर मरणाऱ्या माणसाला उचलून आणीत होती. हात जड झाले होते, पण ते वर होते. मार्गदर्शकांना लिहिलेली ती पत्रेही ते हात कोणीतरी सावरून धरावेत म्हणूनच लिहिलेली होती. त्या पत्रांना अश्रद्धेचा कबुलीजबाब म्हणावयाचे की मार्काच्या कथेतील बापाची हाक, हे ज्याने त्याने ठरवावे.

शंकेचे नाव अश्रद्धा असे म्हणावयास या ग्रंथात फारसा आधार सापडत नाही, हे एवढ्यावरून ध्यानात येईल. दहा हेरांना शंका नव्हती, त्यांना हार खात्रीची वाटत होती. नासरेथकरांना शंका नव्हती, त्यांना सारे ठाऊक होते. ईयोबाच्या मित्रांना शंका नव्हती, त्यांची उत्तरे तयार होती. आहाजालाही शंका नव्हती, त्याचा सौदा ठरत आला होता. या सर्वांत समान आहे ती एकच गोष्ट : त्यांना कोणाच्या साहाय्याची गरज वाटत नव्हती, किंवा वाटली तरी ती देवाजवळ न्यावीशी वाटत नव्हती. उलट शताधिपती, तो बाप, थोमा, ईयोब यांच्यापैकी प्रत्येक जण काही तरी मागत होता.

ख्रिस्ती समाजात जन्मलेल्या माणसाला हा विचार सुखावह नाही. सभासदत्व, पाठ केलेला मतांगीकार, देवळातील नेहमीची जागा, यांपैकी कशाच्याही आडोशाला तो त्याला उभे राहू देत नाही. पाठ केलेली उत्तरे ईयोबाच्या मित्रांजवळही होती, आणि सभास्थानातील नेहमीच्या जागा नासरेथकरांच्याच होत्या. त्याच वेळी, ज्याला प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत, ज्याची खात्री दुःखाने हलली आहे, जो स्वतःला श्रद्धावान म्हणवून घ्यावयास धजत नाही, त्याला हा ग्रंथ बाहेर घालवीत नाही. त्याला तो डोंगराखालच्या त्या गर्दीत, आजारी मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या बापाशेजारी जागा देतो. तेथून एक हाक मारता आली, तर तेवढी पुरते.